'माघार' लिहिताना जरा थांबा: मराठी वृत्तसंपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे, साप्ताहिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक, वृत्तसंपादक आणि रात्रपाळीचे उपसंपादक

सप्रेम नमस्कार.

मी मराठीची निवृत्त शिक्षिका. ३१ वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले आणि त्याहून जास्त वर्षे रोज सकाळी चहाबरोबर दोन वर्तमानपत्रे वाचत आले आहे. हे पत्र एका शब्दासाठी लिहीत आहे. मथळ्यात तो हमखास भेटतो आणि वाहिन्यांच्या पडद्याखालून सरकणाऱ्या पट्टीत तर रोजच: माघार.

तो वापरू नका असे मी म्हणत नाही. आपला जुना, कसदार शब्द आहे तो. ज्ञानेश्वरीत 'माघौता' भेटतो, मागे वळलेला, परतलेला या अर्थाने. आमच्याकडे खेड्यात आजही 'बाजाराला गेला आणि भर दुपारी माघारी आला' असे सहज म्हणतात, त्यात कोणी हरलेले नसते. पण बातमीत आला की या शब्दाला पराभवाचा वास येतो. आणि मग सरकारने निर्णय रद्द केला, उमेदवाराने अर्ज काढून घेतला, दोन सैन्ये ठरवून मागे सरली, आंदोलकांनी उपोषण थांबवले, मंत्र्याने वाक्य बदलले, या सगळ्यांवर तोच शिक्का बसतो. वाचणाऱ्याला नेमके काय घडले ते कळत नाही. ज्याच्याबद्दल लिहिले असते त्याला पुढच्या वेळी मागे येणे अवघड होते. ही दोन्ही नुकसाने मी पाहिली आहेत, एक सार्वजनिक आणि एक माझ्या घरातले.

सार्वजनिक आधी सांगते. २०२५चा उन्हाळा आठवा. १६ एप्रिलला राज्य सरकारने शासन निर्णय काढला आणि मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. गदारोळ झाला. एप्रिल सरण्याआधीच शिक्षणमंत्र्यांनी सांगितले की 'अनिवार्य' या शब्दाला आम्ही स्थगिती देत आहोत. १७ जूनला सुधारित शासन निर्णय आला. त्यात 'अनिवार्य' नव्हते, त्या जागी 'सर्वसाधारणपणे' आले होते. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर एका इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागायला हवी, अशी अट होती. पुन्हा गदारोळ. २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही शासन निर्णय रद्द केल्याचे जाहीर केले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ५ जुलैला जो मोर्चा निघायचा होता, त्याचा वरळीत विजयी मेळावा झाला.

आता या अडीच महिन्यांत सरकारने तीन गोष्टी केल्या. एप्रिलमध्ये एक शब्द टांगून ठेवला. जूनच्या मध्यात तो शब्द बदलून दुसरा घातला. जूनच्या शेवटी निर्णयच मागे घेतला. माझ्या समजुतीप्रमाणे यातली फक्त तिसरी माघार होती, आणि तिला माघारच म्हणायला हवे, कारण लोकांच्या दबावापुढे सरकार धरलेल्या जागेवरून मागे आले. पण एप्रिलमध्येही 'माघार' हा शब्द ऐकला आणि वाचला. मी स्वतः तो वाचून निवांत झाले. माझ्या जुन्या शाळेतले सहकारी म्हणाले, 'चला बाई, सुटलो.' पालकांच्या सह्या गोळा करणाऱ्या आमच्या गल्लीतल्या दोघीजणींनी सह्यांचे कागद कपाटात ठेवून दिले. जूनमध्ये 'सर्वसाधारणपणे' आले तेव्हा ते कागद शोधावे लागले.

'स्थगिती' असे लिहिले असते तर आम्ही जागे राहिलो असतो. स्थगिती म्हणजे वस्तू तिथेच आहे, फक्त हलत नाही, हे तलाठी कार्यालयाच्या चार चकरा मारलेल्या कोणालाही माहीत असते. आणि 'सर्वसाधारणपणे' या शब्दाचे काय? मी व्याकरण शिकवले आहे म्हणून सांगते, नियमात हे क्रियाविशेषण घातले की नियम सैल झाल्यासारखा वाटतो, पण वागायचे कसे ते तेच राहते. ज्या जिल्हा परिषद शाळेचा सगळा पटच २०च्या आत आहे, तिथे एका इयत्तेत २० मुले आणायची कुठून? म्हणजे त्या शाळेपुरते 'सर्वसाधारणपणे' आणि 'अनिवार्य' हे समानार्थी शब्द. ही बातमी होती. तिला पवित्रा बदलणे म्हणता आले असते. आखाड्यातला शब्द आहे, पैलवान पाय बदलतो, कुस्ती सोडत नाही.

शब्दांतला हा फरक दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या शेतकऱ्यांना पक्का कळला होता. सप्टेंबर २०२०मध्ये तीन कृषी कायदे झाले. १२ जानेवारी २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली, तरी शेतकरी उठले नाहीत. १९ नोव्हेंबर २०२१ला, गुरू नानक जयंतीच्या सकाळी, पंतप्रधानांनी कायदे मागे घेण्याची घोषणा केली, तरीही उठले नाहीत. २९ नोव्हेंबरला संसदेत निरसनाचे विधेयक मंजूर झाले, उरलेल्या मागण्यांवर लेखी बोलणी झाली, आणि ११ डिसेंबरला तंबू निघाले. निघतानाही त्यांनी आंदोलन 'संपले' म्हटले नाही, 'स्थगित' म्हटले. स्थगिती, घोषणा, निरसन या तीन पायऱ्या त्यांनी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत.

आपल्या भाषेत या सगळ्यासाठी शब्द कमी आहेत असे कोणी म्हणू नये. उलट मागे येण्याच्या इतक्या तऱ्हा मराठीने बारकाईने पाहून ठेवल्या आहेत की वर्गात हा विषय निघाला की माझा तास कधी संपला ते कळत नसे. मी फळ्यावर मधोमध 'मागे' लिहायची आणि मुलांना म्हणायची, आता सांगा. 'मागे हटणे' आले की विचारायची, कोणापुढे? म्हणजे समोर ताकद आहे. 'मागे सरणे' म्हणजे जागा करून देणे, तिथे भांडण असेलच असे नाही. 'मागे घेणे' म्हणजे आपणच पुढे केलेली वस्तू परत आपल्याकडे घेणे: हात, अर्ज, शब्द, तक्रार. 'काढता पाय घेणे' यात कोणाच्या लक्षात येऊ नये ही इच्छा आहे. 'पळ काढणे' यात भीती आहे. 'हात टेकणे' यात भीती नाही, उपाय संपले आहेत. 'नांगी टाकणे' यात आधी केलेला तोरा आहे. 'घूमजाव' यात तोंडच उलट दिशेला झाले आहे, कालपर्यंत जे नाकारले त्याचेच आज समर्थन आहे. ज्या माणसाने फक्त विचार बदलला आणि कारण सांगितले त्याला घूमजाव चिकटवणे मला अन्यायाचे वाटते.

आणि मग यायचे दोन शब्द, ज्यांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायची. 'नमते घेणे' आणि 'पडते घेणे'. ज्याने पडते घेतले तो हरलेला नसतो. बहुधा तोच घरातला शहाणा असतो. जावाजावांच्या भांडणात थोरली पडते घेते, कारण तिला घर टिकवायचे असते. आपण पडती बाजू घेतली तर समोरच्याला ताठ राहता येते, भांडण तिथे थांबते आणि नाते उरते. हे सगळे त्या दोन शब्दांत आहे. हे शब्द तुमच्या पानांवर मला दिसत नाहीत. दोन पक्षांतल्या जागावाटपात एक पक्ष पडते घेतो तेव्हाही तुम्ही त्याची 'माघार' करता, आणि दुसऱ्या दिवशी तो पक्ष ते पडते घेणे नाकारायला धावतो.

माझ्या घरातले आता सांगते. गावाचे आणि माणसांचे नाव लिहीत नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, यांच्यात बांधावरून दावा चालू होता. बांध कोरला म्हणून सुरुवात झाली आणि सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीपर्यंत गेली. आठ वर्षे तारखा पडत होत्या. बोलणे बंद, लग्नकार्यात एकमेकांच्या मांडवात पाऊल नाही. मग तात्यांची आई गेली. अण्णांना लहानपणी तिनेच वाढवले होते. अण्णा न सांगता स्मशानात गेले, मागे उभे राहिले, तात्यांनी त्यांना पाहिले. बोलले कोणीच नाही. पण तेराव्यानंतर अण्णा वकिलांकडे गेले आणि म्हणाले, दावा काढून घ्यायचा आहे, पुरसीस तयार करा. पुरसीस म्हणजे न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन. वकिलांनी समजावले की असा दावा काढून घेतला आणि न्यायालयाची परवानगी राखून ठेवली नाही, तर त्याच कारणासाठी पुन्हा दावा लावता येणार नाही. अण्णा म्हणाले, पुन्हा लावायचाच नाही.

तारीख आठ दिवसांवर होती. मधल्या शनिवारी तालुक्याच्या एका साप्ताहिकात आतल्या पानावर चार ओळी आल्या. बांधाच्या दाव्यात अमुक यांची अखेर माघार. एवढेच. तात्यांनी ते छापून आणले नव्हते, हे पुढे कळले. कोर्टाच्या आवारात चहा पिताना कोणीतरी ऐकले आणि जागा भरायला लिहिले. सोमवारच्या बाजारात अण्णांना पहिल्याच माणसाने हटकले, 'काय अण्णा, घेतली म्हणे माघार?' दुसऱ्याने, तिसऱ्याने. कोणी हसून, कोणी हळहळून. अण्णा भाजी न घेता घरी आले. आई काही बोलायला गेली तर म्हणाले, 'माघार घेतली असं पोरांनी ऐकायचं का?' तारखेला त्यांनी वकिलांना सांगितले, चालू दे.

दावा आणखी ११ वर्षे चालला. अण्णा गेले तेव्हाही चालू होता. नंतर आम्ही भावंडांनी आणि तात्यांच्या मुलांनी मोजणी मागवली, खुणा रोवल्या, पाण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या आणि तडजोडीची पुरसीस दिली. दोन तारखांत संपले. तात्या तेव्हा होते. सही करताना मला म्हणाले, 'तुझ्या बापानं तेव्हाच दिली असती ना, मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं.' अण्णांनी सही केलेली ती जुनी पुरसीस मला त्यांच्या ट्रंकेत सापडली. पिवळी पडली आहे. न्यायालयात कधी गेलीच नाही.

मी त्या साप्ताहिकाच्या कार्यालयात एकदा गेले होते, पुष्कळ वर्षांनी. राग नव्हता, विचारायचे होते. तिथले गृहस्थ भले होते, त्यांनी बसवून घेतले आणि म्हणाले, 'बाई, मथळ्याला जागा किती असते? माघार तीन अक्षरांत बसतो.' हे कारण मला खरे वाटते. तुम्हालाही रात्री साडेअकरा वाजता तेच कारण असते, पान सुटायचे असते, एका कॉलमात बसवायचे असते. पण मोजून पाहा. 'रद्द' दोन अक्षरे, 'तह' दोन. 'स्थगिती' आणि 'तहकूब' यांना जागा फार जास्त लागत नाही. 'तडजोड' एका अक्षराने मोठा, आणि त्या एका अक्षराच्या जागेत आमच्या घरातली ११ वर्षे बसली असती.

मागे येणे ही लाजेची गोष्ट आहे, असे आपल्या परंपरेने कधी सरसकट मानले नाही, हेही मला तुमच्यापुढे ठेवायचे आहे. गुजरातेत डाकोरला रणछोडराय आहेत, आपल्याकडूनही भाविक तिथे जातात. जरासंधाने मथुरेवर १७ वेळा चाल केली आणि कृष्णाने प्रत्येक वेळी ती परतवली. पुढे कालयवनही चालून आला तेव्हा त्याने मथुरा सोडली आणि लोकांना घेऊन द्वारकेला गेला. रण सोडले म्हणून रणछोड. भक्तांनी ते नाव झाकले नाही, देवळात उभे केले, पोरांना ठेवले. आणि हाच कृष्ण कुरुक्षेत्रावर अर्जुनाला बजावतो की तू भिऊन रणातून हटलास असे महारथी समजतील. मला यात विसंगती दिसत नाही. सगळा भार 'भिऊन' या शब्दावर आहे. मागे कोण आले याच्याइतकेच का आले, कोणासाठी आले, हे बघायला तिथे शिकवले आहे.

वर्गात पुरंदरचा तह शिकवायची वेळ आली की मी मुलांना मुद्दाम विचारायची, महाराजांनी माघार घेतली का? जून १६६५. मिर्झाराजे जयसिंगांचा वेढा, महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ राखले. वर्ग गप्प व्हायचा. हो म्हणायला जीभ रेटायची नाही, नाही म्हणायला किल्ल्यांचा आकडा समोर. एका वर्षी मागच्या बाकावरचा, एरवी न बोलणारा मुलगा उठला आणि म्हणाला, 'बाई, महाराज थांबले.' पुढे १६७०मध्ये सिंहगडापासून किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली, ते त्याला माहीत होते, पण त्याने ते सांगितले नाही. 'थांबले' एवढेच. मी त्या दिवशी पुढचे शिकवलेच नाही, त्या एका क्रियापदावर तास घालवला. आपले इतिहासाचे पुस्तक तिथे 'तह' म्हणते, आणि ते बरोबर आहे.

खरी माघार कशी असते तेही त्याच वर्गात सांगायची. जानेवारी १७७९. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायला मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली. पुढचा मुलूख मराठ्यांनी ओसाड करून ठेवला होता, रसद तुटली होती. रात्रीच्या अंधारात फौजेने जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि परत फिरली. वडगावला कोंडीत सापडली आणि महादजी शिंद्यांपुढे तह करावा लागला. घेण्यासाठी आले होते, ते न घेता, जवळचे टाकून, समोरच्याच्या जोरापुढे मागे फिरले. माघार हा शब्द इथे शोभतो. तो असा राखून ठेवला तर त्याला धार राहील.

फेब्रुवारी १९२२मधल्या बारडोलीची गोष्ट वेगळी. चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणे जाळले, माणसे मेली, आणि गांधीजींनी १२ फेब्रुवारीला बारडोलीत असहकार चळवळ थांबवली. तुरुंगातल्या लजपतराय, मोतीलालजींना ते पटले नव्हते, आजही अनेकांना पटत नाही. मलाही त्या निर्णयाबद्दल प्रश्न आहेत. पण सरकारच्या जोरापुढे तो झाला नव्हता, आपल्याच माणसांच्या हातून झालेल्या हिंसेमुळे झाला होता. 'तहकुबी' म्हटले की हे दिसते. 'माघार' म्हटले की झाकले जाते.

झाकण्यावरून निवडणुका. तिथे 'माघार' इतका रुळला आहे की 'माघारीची मुदत', 'माघारीनंतर चित्र स्पष्ट' हे आता हलणार नाही, आणि हलवावे असा माझा आग्रहही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात मात्र उमेदवारी 'मागे घेण्याची' लेखी सूचना आहे, छाननीनंतर दोन दिवसांनी दुपारी ३ पर्यंत, आणि एकदा दिली की ती परत फिरवता येत नाही. एवढी कायमची गोष्ट आहे ती. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत 'सर्वांच्या माघारीमुळे बिनविरोध' असे तुम्ही कौतुकाने छापता. ती माघार कशी झाली हे विचारता का? २०२०च्या डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदासाठी दोन कोटींच्या वर बोली लागल्याच्या बातम्या आल्या. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीचेही प्रकरण निघाले. जानेवारी २०२१मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांतल्या निवडणुका रद्द केल्या. चित्रीकरण बाहेर आले म्हणून हे कळले. एरवी या दोन्ही गावांची नावे तुमच्या पानावर 'बिनविरोध' या शीर्षकाखाली आली असती.

माझ्या ओळखीची एक बाई, बचतगटात चांगले काम केलेली, राखीव जागेवर उभी राहिली होती. तिचा अर्ज तिने मागे घेतला नाही. तिच्याकडून तो घेववला गेला. दीर, सासरे, गावातली चार मंडळी ओट्यावर बसून होती आणि तिने तहसीलदार कचेरीत जाऊन सही केली. बातमीत तिने 'माघार घेतली'. मराठीत प्रयोजक क्रियापद आहे, आपण ते शाळेत शिकवतो: करणे, करवणे, घेणे, घेवविणे. बातमीदाराला इतके जरी आठवले तरी तो विचारील, बाई, ही सही तुमच्या मनाने का?

सीमेवरच्या बातम्यांत तर हा शब्द घातकच आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये पॅंगाँग सरोवराच्या दोन्ही काठांवरून भारत आणि चीन यांची सैन्ये ठरल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने मागे सरली, संरक्षणमंत्र्यांनी ११ फेब्रुवारीला राज्यसभेत तसे सांगितले. आपल्याकडे त्याला 'सैन्यमाघारी' म्हटले गेले. माझ्या शेजारणीचा मुलगा त्या वेळी लडाखमध्ये तैनात होता. ती पेपर हातात घेऊन आली, 'बाई, आपली माघार का त्यांची?' दोघांची, ठरवून, हे मी तिला अर्धा तास समजावत होते. 'दोन्ही सैन्ये मागे सरली' एवढ्या चार शब्दांत ते झाले असते.

खेळाच्या पानावर जे बरोबर चालते ते पहिल्या पानावर का चालू नये? कबड्डीत चढाई करणारा माघारी येतो तेव्हाच त्याने केलेल्या स्पर्शाचा गुण मोजला जातो. मध्यरेषेला हात लावण्यासाठी तो जमिनीवर आडवा होतो, चार जण पायांना लोंबकळत असतात, आणि त्याच्या त्या परत येण्यावर मैदान उसळते. आपल्या मातीतला खेळ आहे हा. आणि हवामानाच्या बातमीत मान्सूनच्या 'माघारी'ला गावातला माणूस 'परतीचा पाऊस' म्हणतो. किती नेमके आणि मायेचे. १७ सप्टेंबरच्या सुमारास वायव्य राजस्थानातून तो निघतो, ८ ऑक्टोबरच्या आसपास मुंबई सोडतो, आणि जाता जाता रब्बीची ओल देऊन जातो किंवा काढलेले सोयाबीन भिजवून जातो. दोन्हींसाठी 'परतीचा' हाच शब्द पुरतो, त्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

मागणी मोठी नाही. 'माघार' टंकण्याआधी बातमीदाराला एक फोन करा आणि विचारा: निर्णय रद्द झाला, थांबवला की शब्द बदलला? स्वतःहून झाला, दबावाने झाला की कोणी करवून घेतला? समोरच्यानेही काही सोडले का? यांची उत्तरे मिळाली की मराठी तुम्हाला शब्द देईल. उत्तरे नसतील तर 'अर्ज काढून घेतला', 'दावा काढून घेतला' इतके साधे लिहा. आणि कोणी मंत्री, कोणी पुढारी, कोणी पंचायत सदस्य चूक ओळखून, कारण सांगून निर्णय बदलत असेल, तर कृपा करून 'नामुष्की' आणि 'लोटांगण' त्या बातमीत घालू नका. चूक सुधारणाऱ्याला आपण चारचौघांत खाली पाहायला लावले तर पुढचा माणूस चूक रेटत राहील. अण्णांसारखा.

सोबत मी हाताने लिहिलेला एक तक्ता जोडत आहे. मागे येण्याचे ४२ शब्द आणि वाक्प्रचार आहेत त्यात, प्रत्येकापुढे एक वाक्य. वर्गात मुलांकडूनच जमवले होते, काही त्यांच्या आज्यांनी सांगितले. न्यूज डेस्कच्या भिंतीवर लावता आला तर लावा. चुकीचे काही वाटले किंवा एखादा राहिला असेल तर कळवा, मी दुरुस्त करून पुन्हा पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका